बाबांचे एकाहत्तर साल आणि आमची हेराल्ड

तळजाई

नमस्कार. गेली कित्येक वर्षे मी इथे केवळ वाचक आहे. जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. आज लिहितो आहे ते गाडीबद्दल आहे आणि वडिलांबद्दलही आहे. हे दोन विषय मला आजवर वेगळे करता आलेले नाहीत, म्हणून एकाच धाग्यात लिहितो.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून १९६४ साली ते सैन्यात भरती झाले आणि ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागात, वाहन मेकॅनिक झाले. १९७१च्या युद्धात ते एका रणगाडा रेजिमेंटबरोबरच्या एलएडीत, म्हणजे रेजिमेंटची वाहने जागच्या जागी दुरुस्त करणाऱ्या छोट्या तुकडीत, नाईक होते. त्यांची तुकडी पश्चिम आघाडीवर, पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात होती. १९८६ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही सगळी माहिती मला त्यांच्या कागदपत्रांतून मिळाली आहे. त्यांच्या तोंडून मिळालेली याहून फार कमी आहे. पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक ही दोन पदके बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात फिलर गेज, जुने स्पार्क प्लग आणि कार्ब्युरेटरचे जेट यांच्या सोबतीने अजूनही पडलेली आहेत.

युद्धाबद्दल बोलायचे नाही, असा नियम आमच्या घरी कोणी घातला नव्हता. शाळेत असताना विजय दिनाच्या भाषणासाठी मी त्यांना विचारले होते, ‘बाबा, तुम्ही रणगाड्यात होता का?’ ते म्हणाले, ‘रणगाड्याच्या मागे होतो.’ मग गाडीखालून हात बाहेर काढून म्हणाले, ‘अर्ध्या इंचाचा पाना दे.’ पुढची तीस वर्षे माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर थोड्याफार फरकाने असेच मिळाले. ते रागावत नसत, उठून जात नसत, डोळ्यांत पाणी आणत नसत. ते काहीतरी मागत आणि मी ते द्यायला उठे.

निवृत्तीनंतर त्यांनी दांडेकर पुलाजवळ छोटे गॅरेज काढले. पोट भरायचे ते फियाट आणि ॲम्बॅसेडरवर, पण त्यांचा जीव स्पोर्ट्स कारमध्ये होता. कामाच्या टेबलावर जॅग्वार ई-टाइपचे एक चित्र होते. गिऱ्हाईक नसले की ते मला त्या चित्रासमोर उभे करून विचारत, ‘बॉनेट एवढं लांब का?’ सहा सिलिंडर एका ओळीत मांडलेले आहेत म्हणून, हे उत्तर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पोर्शेचे इंजिन मागे का असते आणि ते पाण्याविना हवेने थंड कसे राहते, हे त्यांनी मला पोह्यांच्या ताटलीत बोटाने रेघा ओढून दाखवले होते. त्या काळात पुण्याच्या रस्त्यावर अशी गाडी दिसणे म्हणजे नवलच होते. कुठे दिसली, तर आम्ही दोघे स्कूटर थांबवून उभे राहत असू.

१९८८ साली त्यांनी दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड जुन्यात घेतली. बाबांचे म्हणणे असे, की हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कारच, फक्त अंगावरचे कपडे वेगळे. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते, आणि मग इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. पुढच्या चाकावर बसून काम करता येते. उजव्या चाकावर बाबा आणि डाव्या चाकावर मी, मध्ये इंजिन, असे आमचे कित्येक रविवार गेले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. १९९१च्या मे महिन्याच्या सुट्टीत, मी अकरा वर्षांचा असताना, कॅम्पातल्या एका वयस्क पारशी गृहस्थांची एमजी टीसी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आमच्या गॅरेजमध्ये आली. त्या गाडीला दोन एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे भाग, असतात आणि दोघांतून हवा सारखीच आत गेली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळत चालते. ते जुळवण्याची जुनी रीत अशी आहे, की रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरायचे, आणि दोन्हीकडचा हिस्स असा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. केव्हापासून, याचे उत्तर मला माहीत आहे. कशामुळे, याचे नाही. एका कानाच्या माणसाला हे काम जमायला हरकत नव्हती, पण त्यांचा उरलेला कानही बारीक आवाजाला दगा द्यायचा. म्हणून त्यांनी नळी माझ्या कानाला लावली आणि म्हणाले, ‘तू ऐक आणि मला सांग.’ मी ‘पुढचा जास्त ओढतोय’ असे म्हणायचो आणि ते पाव आटा स्क्रू फिरवायचे. मग मी पुन्हा ऐकायचो. दीड तास आम्ही हेच करत होतो. शेवटी मला दोन्ही आवाजांत फरकच सापडेना. तसे मी सांगितले, तर त्यांनी माझ्याकडे पाहिले, हात पुसले आणि काहीही न तपासता गाडी बाहेर काढली. माझ्या शब्दावर त्यांनी गाडी बाहेर काढली, याचा अभिमान मला दहावीच्या निकालापेक्षा मोठा वाटला होता.

त्याच गॅरेजमध्ये आणखी एक गोष्ट रोज घडायची. बाबा कोणतीही गाडी बाहेरून धूत, इंजिन रॉकेलने लख्ख करत, क्रोमला पॉलिश करत, पण गाडीचा आतला भाग त्यांनी कधीही साफ केला नाही. पायाखालची फरशी, सीटच्या सांध्या, दारांच्या आतली बाजू हे सगळे माझे किंवा हाताखालच्या पोराचे काम असे. ‘आतलं तू पूस,’ एवढेच ते म्हणत. पोर सुट्टीवर असेल आणि मी शाळेत, तर गाडी संध्याकाळपर्यंत तशीच उभी राहायची. मला वाटे, त्यांना वाकून काम करण्याचा कंटाळा असेल. दिवसभर वाकूनच काम करणाऱ्या माणसाबद्दल मी असा विचार केला.

२०१९च्या हिवाळ्यात मी त्यांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेलो. शिक्रापूर, शिरूर, सुपे करत आम्ही पोहोचलो. वाटेत ते मजेत होते. संग्रहालयातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी पाहून तर ते हरखून गेले. मग सेंच्युरियन रणगाडा आला. त्यासमोर उभे राहून त्यांनी मला त्याच्या मीटिअर इंजिनाबद्दल अर्धा तास सांगितले. ते बारा सिलिंडरचे, सत्तावीस लिटरचे आहे, मूळ विमानाच्या मर्लिन इंजिनावरून बनवलेले आहे आणि विमानातला सुपरचार्जर तेवढा काढून टाकलेला आहे, असे सगळे त्यांनी सांगितले. बोलता बोलता ते थांबले. वरच्या हॅचकडे पाहत, इंजिनाबद्दल बोलत होते त्याच स्वरात म्हणाले, ‘आतून धुवायला चार बादल्या लागायच्या. पाणी लांबून आणावं लागे.’ मग ते पुढच्या रणगाड्याकडे गेले.

मी तिथेच उभा राहिलो. ‘आतलं तू पूस’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, ते मोजत राहिलो.

त्या दिवसानंतर या विषयावर आमच्यात एकही शब्द झालेला नाही. बाबांच्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षे हेराल्ड अरण्येश्वरच्या घराच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. मला ती पुन्हा चालती करायची आहे, आणि बाबा शेजारी असतानाच करायची आहे. ज्यांचे वडील पासष्टच्या किंवा एकाहत्तरच्या लढाईत होते, त्यांना मला विचारायचे आहे, की तुम्ही पुढचे विचारलेत का? विचारावे का?

पेट्रोलगंध

तुमचा धागा दोनदा वाचला. मोठ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण गाडीबद्दल बाबांचे म्हणणे किती खरे आहे, ते सांगतो, कारण ते त्यांना आवडेल असे वाटते.

स्पिटफायर ही १९६२ साली हेराल्डच्याच चासीवरून बनवली गेली. चासी आखूड केली आणि वरचे शरीर इटालियन डिझायनर जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी आखले. हेराल्डचे शरीरही त्यांचेच. पुढे उलटणारे बॉनेट आणि मागचे आडवे पाटे हे दोघींत सारखे आहे. एक दुरुस्ती मात्र आहे. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या हेराल्डमध्ये ९४८ सीसीचे इंजिन होते, तर स्पिटफायर सुरुवातीपासून ११४७ सीसीची आणि दोन एसयू कार्ब्युरेटरवाली होती. म्हणजे कपडे वेगळे आणि छातीही थोडी वेगळी.

त्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. स्पिटफायर हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे. त्या विमानात मर्लिन इंजिन होते. मर्लिनवरून मीटिअर आले आणि मीटिअर सेंच्युरियनमध्ये बसले. तुमचे वडील युद्धात ज्या इंजिनावर काम करत होते, त्याचे मूळ आणि ज्या गाडीच्या नात्यामुळे त्यांनी हेराल्ड घेतली, तिच्या नावाचे मूळ एकाच विमानात आहे. हे त्यांच्या ध्यानात आले नसेल, असे मला वाटत नाही.

युद्ध आणि स्पोर्ट्स कार यांचे नाते तसे जुनेच आहे. एमजी टीसी १९४५ साली युद्ध संपताच बाजारात आली. एकूण सुमारे दहा हजार बनल्या, सगळ्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या. तरीही इंग्लंडमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांना त्या इतक्या आवडल्या, की पुढे त्या मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या. जॅग्वारच्या ज्या सहा सिलिंडरच्या इंजिनाबद्दल बाबा तुम्हाला प्रश्न विचारत, त्याची आखणी तर कॉव्हेंट्रीत बॉम्बहल्ल्यांच्या रात्री झाली. कारखान्याला आग लागू नये म्हणून जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते रात्रपाळीने पहारा देत आणि त्या जागरणात या इंजिनाची चर्चा करत. रात्रभर आगीची वाट पाहत बसलेल्या माणसांना कशाचा तरी विचार करावा लागतोच. त्यांनी याचा केला.

गाडी दोन वर्षे उभी आहे, तर चावी फिरवण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा आणि इंजिन हाताने फिरवून पाहा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. ब्रेकचे रबर नवे घ्या, त्यात काटकसर नको.

मुळाकाठ

मी औंधला राहते. माझे वडील पासष्ट आणि एकाहत्तर अशा दोन्ही वेळी पायदळात होते. २००८ साली ते गेले. तुमचे लिखाण सुंदर आहे, आणि म्हणूनच मला जे खुपले, ते स्पष्टपणे लिहिते.

वडिलांचे मौन आपण फार लवकर पूज्य मानतो. माझे वडीलही बोलत नसत. त्यांच्याकडे गाडी नव्हती, गॅरेज नव्हते आणि हातात पाना द्यायला मुलगाही नव्हता. आम्ही दोघी बहिणी. त्यांचे न बोलणे आमच्या घरात जेवणाच्या वेळी ताटाशेजारी बसलेले असे. दिवाळीत शेजारच्या मुलांनी फटाके उडवले, की ते मोरीत जाऊन दार लावून घेत. आई आम्हाला सांगे, ‘अंघोळ करताहेत.’ संध्याकाळी सात वाजता अंघोळ. आम्ही ते खरे मानायचो, आणि मोठे झाल्यावरही खरे मानल्यासारखे दाखवायचो. ते गेल्यावर आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, की तिनेही त्यांना कधी विचारले नाही, कारण दाराबाहेर उभे राहून मुलींना काहीतरी सांगायचे काम तिला रोजचेच होते.

तुम्हाला नळीचे टोक मिळाले. ते ज्यांना मिळाले नाही, त्यांचाही विचार व्हावा. तुमच्या धाग्यात तुमच्या आईचा उल्लेख एकदाही आलेला नाही. त्यांना काय माहीत आहे, ते तुम्ही विचारले आहे का?

तळजाई

मुळाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही. तुम्ही म्हणता ते खरे आहे. मी आईला विचारले नव्हते. आईला काही माहीत असेल, हेच मला कधी सुचले नव्हते, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते आहे.

काल दुपारी बाबा झोपले असताना मी स्वयंपाकघरात बसून तिला विचारले. ती मेथी निवडत होती. त्यांचे लग्न १९७० सालचे. युद्ध सुरू झाले तेव्हा ती गावी सासरी होती. पत्रावर ‘५६ एपीओ’ एवढाच, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, पत्ता असे, त्यामुळे नवरा पंजाबात आहे की जम्मूत, हेही तिला माहीत नव्हते. आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला ती पाटलांच्या घरी जायची. बाबा बहात्तरच्या उन्हाळ्यात रजेवर आले. आल्यावर तिसऱ्या दिवशी आजीने त्यांना गोठा धुवायला सांगितला. त्यांनी बादली भरली, गोठ्याच्या दारापर्यंत नेली आणि तिथेच खाली बसले. कितीतरी वेळ ते उठले नाहीत. आईने बादली उचलली, गोठा धुतला आणि सासूला सांगितले, की त्यांनीच धुतला. त्या रात्री बाबांनी तिला तीन-चार वाक्यांत सांगितले. काय सांगितले, ते आईने मला सांगितलेले नाही आणि ती सांगणारही नाही. ती म्हणाली, ‘त्यांनी मला सांगितलं, तुला नाही. तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतं.’

मग मी विचारले, की निदान एवढे तरी मला आधी का सांगितले नाहीस? भाजीवरची नजर न उचलता ती म्हणाली, ‘तू कधी मला विचारलंस? तू त्यांनाच विचारायचास, आणि ते तुला गाडीचं सांगायचे.’

त्रेपन्न वर्षे आमच्या घरात बादलीचे प्रत्येक काम तिने त्यांच्या हातात पडू दिलेले नाही. फरशी, संडास, गॅलरी, कुंड्या. मी ते रोज पाहिले आहे. आमच्याकडे कामाची वाटणी अशीच आहे, एवढेच मला वाटत होते.

कर्वेरस्ता

माझे वडील २०१४ साली गेले. त्यांची बुलेट अजून आमच्या वाड्याच्या बोळात उभी आहे. मी विचारले नाही. याहून जास्त लिहिता येत नाही, पण धागा रोज उघडून पाहतो आहे.

खडकीचा जुना

मी स्वतः ईएमईतला आहे. वय पंचाहत्तर. टंकलेखनाची सवय नाही, नातवाकडून लिहून घेतो आहे. त्यामुळे काही गोष्टी त्याच्यासमोर सांगाव्या लागत आहेत आणि त्या प्रथमच सांगतो आहे.

तुमच्या वडिलांच्याच भागात मी दुसऱ्या एका एलएडीत क्राफ्ट्समन होतो. आमचे काम काय असते, ते लोकांना माहीत नसते, म्हणून लिहितो. रणगाडा सुरुंगावर गेला किंवा त्याला गोळा लागला, की रिकव्हरीची गाडी घेऊन तिथपर्यंत जायचे. आधी आजूबाजूला सुरुंग आहेत का, ते पाहायचे; मग आत न फुटलेला दारूगोळा आणि आग आहे का, ते पाहायचे. मग शॅकल लावून लोखंडी दोराने तो मागे ओढून आणायचा. ट्रॅक तुटला असेल तर नवे दुवे घालायचे, इंजिन गेले असेल तर बदलायचे. रणगाडा दुरुस्त होण्यासारखा असेल, तर तो शक्य तितक्या लवकर रेजिमेंटला परत द्यायचा असतो. कारण दुसऱ्या दिवशी त्यात दुसरा क्रू बसणार असतो. एका रणगाड्यात चार माणसे असतात. नवीन चार मुलांनी आत उतरल्यावर त्यांना काही दिसू नये, वास येऊ नये, याची काळजी आम्हाला घ्यावी लागे. ते काम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते आणि त्याचा हुकूमही कोणी देत नसे. जो सर्वांत आधी बादली उचले, तो करे. तुमच्या वडिलांनी बादल्यांची संख्या सांगितली, यावरून ते कोण होते, ते मला समजले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मलेले. १६ डिसेंबरला आमच्याच भागातल्या बसंतरच्या लढाईत ते कामी आले, परमवीर चक्र मिळाले, वय एकवीस. त्यांच्याबद्दल लिहिले गेले आणि ते लिहिलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला रात्री आठ वाजता लढाई थांबली. आमचे काम तेव्हा खरे सुरू झाले. जानेवारी संपला तरी आम्ही रणगाडे ओढतच होतो. विजयाच्या बातम्या रेडिओवर येत होत्या आणि आमच्या हातात फडकी होती. घरी आल्यावर लोक विचारत, ‘किती मारले?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हते. मी कोणावर गोळी झाडलेली नव्हती. जे केले होते, ते कोणी विचारत नव्हते. न बोलण्याचे माझे तरी कारण एवढेच आहे. शिवाय जागेचे, युनिटचे नाव पत्रात लिहायचे नाही ही शिस्त अंगात इतकी मुरलेली असते, की पुढे तोंडही आपोआप बंद राहते.

तुमच्या वडिलांना विचारू नका. पण मला भेटायला आवडेल. इंजिनाचे काही असेल तर हात अजून चालतात.

शिरीषछाया

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. थोडक्यात लिहिते.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैनिकांच्या या अवस्थेला वैद्यकीय लिखाणात ‘शेल शॉक’ म्हटले गेले. आघातानंतरच्या तणावविकाराला आज आपण ओळखतो त्या नावाने अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० साली. म्हणजे तळजाई यांचे वडील बहात्तरच्या उन्हाळ्यात गोठ्याच्या दारात बसले, तेव्हा त्या अवस्थेसाठी त्यांच्या गावात तर सोडाच, डॉक्टरांकडेही आजचा शब्द नव्हता. त्यांच्या पत्नीने नाव न देताच ओळखले आणि बादली उचलली.

प्रत्येक न बोलणारा माणूस आजारी असतो, असे मी अजिबात म्हणणार नाही. मात्र झोप मोडणे, ठरावीक महिन्यात चिडचिड वाढणे, एखाद्या वासाने किंवा आवाजाने अंग आखडणे हे अजूनही होत असेल, तर वय कितीही असो, मदत घ्यावी. या वयातही उपयोग होतो. आणि समोरासमोर बसवून ‘आज सगळं सांगाच’ असा आग्रह करू नये. दोन माणसे शेजारी बसून हाताने काही करत असतात, दोघांची नजर तिसऱ्याच वस्तूवर असते, तेव्हा जे बोलले जाते, ते पुष्कळदा समोरासमोर बोलले जात नाही. मुळाकाठ, तुमच्या आईने जे केले, त्याची नोंद कुठेही होत नाही. तुम्ही ती इथे केलीत. त्या असतील, तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

मुळाकाठ

आई आहे. वाचून दाखवले. ‘सात वाजता अंघोळ’ या शब्दांशी तिने मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. तळजाई, तुमच्या आईंना भेटायची तिची इच्छा आहे. दोघींनी काय बोलायचे, ते त्यांचे त्या पाहतील.

तळजाई

शेवटचे लिहून तीन आठवडे झाले. ज्यांनी खासगी संदेश पाठवले, त्या सर्वांचे आभार.

गेल्या रविवारी ‘खडकीचा जुना’ आमच्या घरी आले. मी बाबांना एवढेच सांगितले होते, की ईएमईतले एक जण हेराल्ड पाहायला येणार आहेत. बाबा सकाळी सात वाजताच तयार होऊन खाली खुर्ची टाकून बसले होते. पाहुणे आले आणि बाबांच्या उजव्या हाताला बसले. धाग्यात कानाबद्दल मी लिहिले होते, ते त्यांनी लक्षात ठेवले होते. मला वाटले होते, की आधी युनिट, साल, अधिकारी यांच्याबद्दल विचारपूस होईल. तसे काही झाले नाही. बाबा म्हणाले, ‘दोन वर्षं उभी आहे.’ पाहुणे म्हणाले, ‘हाताने फिरते का?’ मग आम्ही तिघांनी कव्हर काढले आणि बॉनेट उलटले.

पेट्रोलगंध यांनी सांगितल्याप्रमाणे प्लग काढून तेल सोडले. इंजिन पहिल्यांदा जागचे हलले नाही. बाबांनी माझ्या हातातून हँडल घेतले नाही. फक्त ‘झटका देऊ नकोस, वजन दे’ असे म्हणाले. तिसऱ्या प्रयत्नाला ते चिकट आवाज करत अर्धा फेरा फिरले आणि दोघे म्हातारे एकाच वेळी ‘आलं’ म्हणाले. टाकी रिकामी केली, सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला, त्यातला डिंकासारखा झालेला पेट्रोलचा थर साफ केला. हे सगळे होईपर्यंत साडेअकरा वाजले. नवे पेट्रोल घालून, बॅटरी जोडून चावी फिरवली. बरीच खोकून ती सुरू झाली. बाबांनी मान तिरकी करून उजवा कान इंजिनाकडे नेला, आणि मग जुन्या सवयीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘एक नंबरचा प्लग मधूनच मिस करतोय.’ त्यांनी मान हलवली.

इंजिन बंद केल्यावर बाबांनी बाहेरून गाडी पुसायला घेतली. दोन वर्षांत आत उंदरांनी सीटचा काथ्या ओढून फरशीभर पसरला होता, कुबट वास येत होता, आणि आईने नेहमीप्रमाणे पाण्याची बादली आणून जिन्याच्या पायरीजवळ ठेवली होती. मी बादलीकडे निघालो. पाहुणे माझ्या आधी उठले. त्यांनी बाह्या वर केल्या, बादली उचलली, ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले आणि बाबांकडे न पाहता म्हणाले, ‘आतलं मी बघतो.’

बाबांचा हात टपावर थांबला. ते फडके तिथेच ठेवून गाडीला वळसा घालून या बाजूला आले, उघड्या दाराशी उभे राहिले आणि आत वाकलेल्या माणसाला त्यांनी विचारले, ‘कुठे होतात तुम्ही?’

पाहुण्यांनी फडके पिळले आणि एका गावाचे नाव सांगितले. ते मी यापूर्वी कधी ऐकलेले नव्हते. बाबा दाराचा आधार घेत सावकाश खाली बसले, पार्किंगच्या फरशीवर, मांडी घालून. मग मान वळवून मला म्हणाले, ‘तू वर जा. चहा आण. आईला सांग, घाई नाही.’

मी वर गेलो. आईने आधण ठेवले नव्हते. ती खिडकीशी उभी होती. मला पाहून तिने स्टूल पुढे सरकवले आणि आम्ही दोघे तिथेच बसलो.